परमुलखातली जमीन : एक प्रस्तावना

नगर जिल्ह्यात जमिनीच्या सौद्याला माणसे बसली की पहिला प्रश्न सातबाऱ्याचा निघतो आणि दुसरा घेणाऱ्याचा: घेणारा शेतकरी आहे का? बाहेरून आलेल्याला हा दुसरा प्रश्न विचित्र वाटतो. मुंबईत चार फ्लॅट असलेल्या, पण स्वतःच्या किंवा वाडवडिलांच्या नावे शेतजमीन नसलेल्या माणसाला पारनेर तालुक्यात शेताचा तुकडा घेता येत नाही. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम 63 आडवे येते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी किंवा कायद्यातच दिलेला एखादा अपवाद असला तरच वाट निघते. म्हणजे शेताच्या बांधावर मुंबईचा बिगरशेतकरी आणि न्यूयॉर्कचा अमेरिकन एकाच रांगेत उभे असतात. दोघांतला फरक पडतो तो फ्लॅटच्या दारात.

हे पुस्तक परदेशी माणसाच्या जमीनहक्काविषयी आहे. आपला माणूस बाहेरच्या देशात घर घेऊ पाहतो, बाहेरचा आपल्याकडे जागा घेऊ पाहतो, आणि आपलाच मुलगा परदेशी पासपोर्ट घेऊन गावच्या जमिनीत हिस्सा मागायला येतो, अशा तिन्ही बाजूंनी तो प्रश्न इथे पाहिला आहे. या विषयावरची बहुतेक पुस्तके परकीय चलन कायद्यापासून सुरू होतात. मला वाटते, सुरुवात जमिनीपासूनच करावी, आणि त्यासाठी नगरइतका चांगला जिल्हा शोधून सापडणार नाही.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. हे लोण पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत तालुक्यांत पसरले. माणसांवर हात फारसा पडला नाही, रोख कागदांवर होता. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. कर्जखतात लिहिलेला आकडा जसाच्या तसा न मानता त्यामागचा सगळा हिशेब उकरून काढण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. त्या काळातला ‘परका’ म्हणजे गावात दुकान थाटलेला सावकार. परदेशाशी त्याचा संबंध नव्हता, तरी जमीन त्याच्या हाती जाऊ नये ही भीती तीच होती. पुढे कलम 63 मध्ये ती कायम झाली. दुसऱ्या देशाचा कायदा आपल्याला जमीन नाकारतो तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा याच भीतीचा इतिहास असतो, आणि तो माहीत नसला की वाचणाऱ्याला कायदा आडमुठा वाटतो.

भाडेपट्ट्याचा धडा या जिल्ह्याला त्याहून महाग पडला. पहिल्या महायुद्धानंतर प्रवरेच्या पाण्याच्या भरवशावर हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या मागे ब्रिटिश व्यापारी भांडवल होते. ऊस पिकवायला जमीन हवी होती. ती विकत न घेता कंपनीने आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून खंडाने घेतली: ठराविक वर्षांची मुदत, एकरी ठराविक खंड, मालकी शेतकऱ्याची. कागदावर यात काहीच गैर नव्हते. पण तीस-चाळीस वर्षांत बांध मोडले, पाट फिरले, विहिरी कंपनीच्या झाल्या, आणि ज्याने करारावर अंगठा उठवला त्याच्या नातवाला आपले शेत नेमके कुठले हे दाखवता येईना. पुढे 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला. कारखान्यांकडच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि 1963 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे सोपवल्या. कंपनी गेली, पण जमीन मूळ मालकाकडे आली नाही, ती महामंडळाच्या मळ्यात राहिली. इथून खंडकरी शेतकऱ्यांचा लढा सुरू झाला. माधवराव गायकवाडांसारख्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि श्रीरामपूर परिसरात जमिनी प्रत्यक्ष परत मिळू लागल्या त्या 2012 नंतर. करार पणजोबाने केला आणि ताबा पणतूने घेतला, अशी घरे तिथे आहेत.

खंडकऱ्यांची ही हकिकत मी मुद्दाम लांबवून सांगतो आहे, कारण भाडेपट्ट्याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तीत आहे: मुदत संपल्यावर जमीन कोणाच्या हातात, कोणत्या अवस्थेत आणि कोणाच्या हुकुमाने परत येते? परदेशात नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घर घेणारा बहुतेक वेळा भाव विचारतो, गाडी कुठे लावायची ते विचारतो, आणि हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

खुद्द परदेशी माणसेही नगरला नवीन नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे 1831 मध्ये सुरू झाले. त्या काळी ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या मुलखात युरोपियनांनी वसण्यावर आणि जमीन धरण्यावर बंधने होती. ब्रिटिश प्रजेसाठी ती 1833 च्या सनदी कायद्याने सैल झाली. मिशनच्या शाळा, चर्च, बंगले पुढे शहराच्या अंगात इतके मुरले की ते कधी काळी परदेशी संस्थेचे होते हे सांगावे लागते. त्याच शहरात पहिल्या महायुद्धात दुसरे टोक दिसले. हिंदुस्थानभरातले जर्मन नागरिक पकडून नगरच्या छावणीत आणून ठेवले गेले. त्यांत व्यापारी होते, पाद्री होते. जर्मन पाद्री असलेल्या मंगळूर-मलबारकडच्या बासेल मिशनचे कौलांचे आणि कापडाचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले, ते मूळ संस्थेकडे राहिले नाहीत. मालकी पक्की होती, कागद चोख होते, पण दोन राष्ट्रांत युद्ध पेटले आणि त्या कागदांची किंमत एका हुकुमाने शून्य झाली. आजही 1968 चा शत्रू मालमत्ता कायदा आपल्याकडे लागू आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर तर अशा मालमत्तेवर भारतीय नागरिक असलेल्या वारसालाही हक्क सांगता येत नाही.

तिसरे उदाहरण शहरापासून थोड्या अंतरावर अरणगावजवळच्या मेहेराबादचे. 1923 मध्ये आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा तिथे आले. त्यांची समाधी तिथेच आहे. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातून भक्त येतात, काही वर्षानुवर्षे राहतात. व्यवस्था पाहतो तो 1959 मध्ये स्थापन झालेला सार्वजनिक विश्वस्त निधी, म्हणजे भारतीय कायद्यातली भारतीय व्यक्ती. परदेशी माणूस राहतो, सेवा करतो, आयुष्य घालवतो, आणि त्यासाठी त्याच्या नावावर गुंठाभर जमीन असावी लागत नाही. वसण्याचा हक्क आणि मालकीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मेहेराबादला गेल्यावर कलमे न वाचताही समजते.

आता कायदा. 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या, म्हणजे फेराच्या, कलम 31 नुसार परदेशी नागरिकाला भारतात स्थावर घ्यायला किंवा हस्तांतरित करायला रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी लागे. फेरा गेला, 1 जून 2000 पासून परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, आला, आणि जुने व्यवहार विसरले जातील असे अनेकांना वाटले. सर्वोच्च न्यायालयाने 26 फेब्रुवारी 2021 रोजी आशा जॉन दिव्यनाथन विरुद्ध विक्रम मल्होत्रा या खटल्यात तो समज मोडला. बंगळूरमधल्या एका परदेशी विधवेने 1977 मध्ये रिझर्व्ह बँकेला न विचारता बक्षीस दिलेल्या जागेचा तो वाद होता. ते बक्षीस टिकले नाही. चव्वेचाळीस वर्षांनी!

फेमाने कसोटी बदलली. नागरिकत्वाइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व निवासाला आले. मागच्या आर्थिक वर्षात 182 दिवसांहून अधिक काळ भारतात आणि तोही नोकरी, धंदा किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने राहिलेला परदेशी नागरिक ‘निवासी’ ठरू शकतो, आणि त्याला घर किंवा गाळा घेता येतो. मात्र पाकिस्तान, बांगलादेश, चीन, नेपाळ, श्रीलंका अशा काही नाव घेऊन सांगितलेल्या देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेची परवानगी लागतेच. मूळ भारतीय नसलेल्या आणि इथे निवासी नसलेल्या परदेशी माणसाला विकत घेण्याचा मार्ग बंद. त्याला वारसाहक्काने मिळू शकते, किंवा पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा घेता येतो. पर्यटक व्हिसावर सहा महिने राहिलो म्हणजे निवासी झालो, हा गोव्यात फार पसरलेला गैरसमज. मोरजी-हरमलच्या पट्ट्यात परदेशी लोकांनी घेतलेल्या जागांची चौकशी सुरू झाली तेव्हा तो अनेकांना भोवला. निवासी दर्जा कायद्याने आपोआप ठरतो आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याची त्याची, असा खुलासा केंद्र सरकारला फेब्रुवारी 2009 मध्ये करावा लागला.

पण नगर जिल्ह्याच्या घराघरांत हा कायदा पोचतो तो वेगळ्या वाटेने. समजा संगमनेरचा मुलगा न्यू जर्सीला गेला, अमेरिकन नागरिक झाला, त्याने परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड काढले. तो शिर्डीत फ्लॅट घेऊ शकतो, नगरला दुकानगाळा घेऊ शकतो. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस घेऊ शकत नाही. वडील वारले आणि चार एकर वारसाने त्याच्याकडे आले, तर ते कायदेशीर. मात्र वडिलांनी हयातीत प्रेमाने त्याच चार एकरांचे बक्षीसपत्र त्याच्या नावे केले, तर ते नियमाबाहेर. शेजारचा चुलत्याचा एकर तो विकत घेऊ शकत नाही. आणि वारसाने आलेले चार एकर विकायचे ठरवले तर घेणारा भारतातला निवासी हवा, शिवाय कलम 63 मुळे शेतकरी हवा. बायको मूळ भारतीय नसेल तर तिला नवऱ्याबरोबर संयुक्त नावाने एकच मालमत्ता घेता येते. लग्न नोंदलेले आणि किमान दोन वर्षे टिकलेले असावे लागते. एवढे सगळे तलाठी कार्यालयात फेरफार धरताना कोणी सांगत नाही. फेरफार मंजूर होतो, सातबाऱ्यावर नाव चढते, आणि घरच्यांना वाटते काम झाले. सातबारा हा महसुली दप्तरातला उतारा आहे. बेकायदा व्यवहार त्याने पवित्र होत नाही.

मुखत्यारपत्राचेही तसेच. परदेशातून भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र पाठवायचे आणि त्यावरच जमिनीचा सौदा उरकायचा, ही पद्धत 2011 च्या सूरज लॅम्प निकालानंतर मोडीत निघायला हवी होती. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्वच्छ सांगितले. तरी सौदे होतातच. परदेशात केलेले मुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते, ही साधी गोष्टही कित्येक घरांना खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या टेबलापुढे कळते.

जगाकडे पाहिले तर निरनिराळ्या देशांनी परक्याचा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडवला आहे. थायलंड आणि फिलिपाइन्स जमीन परदेशी माणसाला सहसा देत नाहीत. इमारतीतला फ्लॅट देतात, तोही मर्यादेत: थायलंडमध्ये परदेशी मालकी इमारतीच्या 49 टक्क्यांपर्यंत, आणि जमिनीचा पट्टा तीस वर्षांचा. जिथे जमीन मुळात सरकारची किंवा ‘सर्व जनतेची’, त्या चीन-व्हिएतनाममध्ये देशी माणसालाही वापराचाच हक्क मिळतो, परक्याला त्याहून आखूड. स्वित्झर्लंड परवानगी आणि कोटा लावते. तिथला लेक्स कोलर कायदा 1983 चा आहे. दुबईने ठराविक वस्त्या आखून त्यांत परदेशी लोकांना पूर्ण मालकी किंवा 99 वर्षांपर्यंतचा पट्टा दिला, आणि मराठी मध्यमवर्गाची ओळख या विषयाशी खऱ्या अर्थाने तिथे झाली. इंग्लंड दार उघडे ठेवते, पण तिथे लीजहोल्ड नावाचा जुना प्रकार आहे, ज्यात लाखो पौंड मोजूनही आपण शेवटी मुदतीचे भाडेकरूच असतो.

सिंगापूरची रीत करांची. एप्रिल 2023 पासून तिथे घर घेणाऱ्या परदेशी माणसावर 60 टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे. गंमत अशी, की मुक्त व्यापार करारामुळे अमेरिकन नागरिकाला तिथल्या नागरिकासारखीच वागणूक मिळते. म्हणजे संगमनेरचे दोन सख्खे भाऊ, एक भारतीय पासपोर्टचा आणि एक अमेरिकन, सिंगापुरात सारखेच पहिले घर घ्यायला गेले, तर एकाला हा 60 टक्के भार आणि दुसऱ्याला काहीच नाही.

जिथे दार बंद असते तिथे खिडकी शोधणारे निघतातच. कॅलिफोर्नियाने 1913 मध्ये नागरिकत्वाला अपात्र परदेशीयांना शेतजमीन नाकारली. रोख जपान्यांवर होता. 1923 मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयातल्या भगतसिंग थिंद खटल्याने हिंदी माणूसही त्या अपात्रांत बसवला आणि तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांची पंचाईत झाली. काहींनी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे जमिनी केल्या, काहींनी गोऱ्या ओळखीच्या माणसावर भरवसा टाकला. नाव एकाचे, घाम दुसऱ्याचा. ज्याचा भरवसा फसला त्याला दाद मागायला न्यायालयही नव्हते, कारण मुळात व्यवहारच चोरीचा. आज थायलंडमध्ये स्थानिक माणसाच्या नावे कंपनी काढून बंगला घेणाऱ्यांची आणि आपल्याकडे गड्याच्या नावे शेत घेणाऱ्यांची गत याहून वेगळी नाही. आपल्या बेनामी कायद्यात 2016 पासून मालमत्ता जप्तीबरोबर सात वर्षांपर्यंत कैद आहे. ही वाट सुचवणारा सल्लागार भेटला तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

उलट दिशेची तीन उदाहरणे इथे घेतो, कारण परदेशात जागा घेणाऱ्याने ती पाठ करावीत अशी आहेत. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे 10 क्रमांकाचे घर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये राहिले म्हणून महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. मालकीबद्दल वाद नव्हता. तरी 2018 मध्ये कॅम्डेन कौन्सिलने राहत्या घराचे संग्रहालय करायला परवानगी नाकारली. शेजाऱ्यांच्या हरकती होत्या. अपील झाले, 2019 मध्ये सुनावणी झाली, आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. घर घेणारे एक अख्खे राज्य सरकार होते, वकील उत्तम होते, हेतू आदराचा होता. एवढे असून वापराच्या परवानगीसाठी पाच वर्षे गेली. खरेदीपूर्वी वापराचा प्रश्न विचारणे हे परदेशात वकिलाच्या फीइतकेच आवश्यक आहे.

दुसरे इथिओपियाचे. बंगळूरच्या करुतुरी कंपनीने गुलाबाच्या धंद्यातून पुढे जाऊन तिथल्या गांबेला प्रांतात एक लाख हेक्टर जमीन पन्नास वर्षांच्या पट्ट्याने घेतली. भाडे हेक्टरी वर्षाला वीस बिर, म्हणजे नाममात्र. पूर आले, कामे रेंगाळली, स्थानिकांचा रोष वाढला, आणि 2015 च्या अखेरीस सरकारने करार रद्द केला. तिसरे जॉर्जियाचे. तिथे पंजाबी शेतकरी स्वस्त जमिनी घेऊ लागताच 2013 मध्ये तिथल्या संसदेने परदेशी लोकांना शेतजमीन विकण्यावर बंदी आणली, आणि पुढे ती तत्त्वतः राज्यघटनेतच गेली. हरेगावच्या खंडकऱ्याला यातले काहीच नवे वाटणार नाही. तो फक्त विचारील, की या वेळी कंपनीच्या बाजूला आपली माणसे कशी?

हा विषय आत्ताच का? घराघरातली मुले बाहेर आहेत आणि निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात; नगरसारख्या शहरातही परदेशातल्या फ्लॅटच्या जाहिराती मोबाईलवर येऊन पडतात. दुसरीकडे दारे लागत आहेत. कॅनडाने 1 जानेवारी 2023 पासून परदेशी लोकांच्या घरखरेदीवर बंदी घातली आणि नंतर ती वाढवली. ऑस्ट्रेलियाने 1 एप्रिल 2025 पासून दोन वर्षे जुनी घरे परदेशी लोकांसाठी बंद केली. घरांचे भाव चढले की निवडणुकीत परका सापडतो, हा आता जगभरचा रिवाज झाला आहे. आपण परदेशात जातो तेव्हा तो परका आपण असतो.

या पुस्तकात देशवार माहिती आहे, पण त्याचा खरा जीव कागद वाचायला शिकवण्यात आहे: मालकी, पट्टा, परवाना आणि वारसा यांतला फरक, कोणता हक्क विकता येतो, कोणता मुलाला जातो, कोणता आपल्याबरोबर संपतो, विक्रीचे पैसे परत आणायची वाट आहे की नाही. भाषा वकिलाची नाही, तलाठी कार्यालयाबाहेर बाकावर बसून समजावून सांगावे अशी आहे. एक उणीव मला जाणवते. करांचा भाग आखूड आहे. अनिवासी माणसाकडून घर घेणाऱ्याने मोठी रक्कम उद्गम कर म्हणून कापून भरायची असते आणि ती न भरल्यास बोजा घेणाऱ्यावर येतो, याला अधिक जागा हवी होती. पुढच्या आवृत्तीत ती मिळावी.

वाचकांना एवढेच सांगतो, की यातले नियम छपाईच्या वेळचे आहेत आणि या विषयात नियम एका अर्थसंकल्पात किंवा एका निवडणुकीत बदलतात. पुस्तक वाचून झाल्यावर, पण इसार देण्याआधी, त्या देशाच्या नोंदणी कार्यालयाचा ताजा उतारा स्वतः काढा, आणि तो विकणाऱ्याने सुचवलेला नसलेल्या वकिलाला दाखवा.